ट्रान्समवरचे इंजिन वर घेताना

आउटबोर्ड इंजिन होडीच्या आत बसत नाही. होडीच्या मागच्या उभ्या, सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. त्या भिंतीवर ते बाहेरच्या अंगाने टांगलेले असते. वर इंजिनाचे डोके, त्याखाली लांब पाय, पायाच्या टोकाशी गिअर आणि पंखा असा सगळा डोलारा लहान इंजिनात दोन शिकंज्यांच्या स्क्रूंवर आणि मोठ्या इंजिनात चार बोल्टांवर तोललेला असतो. आठ-दहा हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन चाळीस किलोच्या आसपास भरते, चाळीस हॉर्सपॉवरचे शंभर किलोच्या घरात जाते. यातले बरेचसे वजन वर, डोक्यात असते. त्यामुळे पकड सुटलेले इंजिन सरळ खाली बसत नाही, ते कलंडते. आणि कलंडताना बोटे, मनगट, पावले, जे मध्ये येईल त्याला धरते. म्हणून या कामात प्रत्येक टप्प्याला एकच गोष्ट आधी पाहायची असते: या क्षणी वजन कशावर आहे, आणि पुढच्या क्षणी ते कशावर येणार आहे.

इंजिन वर घेण्याचे प्रसंग तीन. रोजचा प्रसंग म्हणजे पंखा पाण्याबाहेर काढण्यासाठी इंजिन मागे कलते करणे. दुसरा क्वचित येतो: इंजिन ट्रान्समवर फार खोल बसले आहे असे लक्षात आल्यावर ते इंच-दीड इंच वर सरकवून पक्के करणे. तिसरा मोसम संपल्यावरचा, इंजिन पूर्ण उतरवून घरी नेण्याचा.

रोजच्या कामाला सगळे सरावलेले असतात, आणि म्हणून निष्काळजीपणा तिथेच जास्त शिरतो. तारकर्ली, देवबागसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या फायबरच्या होड्या दिवसभरात कितीतरी वेळा वाळूला लागतात. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथले वाळूचे पट्टे जागा बदलत राहतात. खाडीत नांगरलेली होडी ओहोटीला तळावर टेकते. गोव्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईजवळ तो चार मीटरच्याही वर जातो. पाय खाली ठेवून होडी सोडून दिली, तर पाणी उतरल्यावर होडीच्या मागच्या भागाचा भार पंख्याखालच्या पातळ उभ्या पातीवर, म्हणजे स्केगवर येतो. तिथून तो गिअरच्या घरातून आणि पायातून थेट ट्रान्समवर जातो. स्केग मोडली तर ते डोळ्यांना दिसते. ट्रान्समच्या आत गेलेली चीर मात्र दिसत नाही.

कलते करण्याआधी इंजिन बंद करायचे आणि आपत्कालीन दोरी, म्हणजे ओढताच इंजिन बंद करणारी किल-कॉर्ड, काढून खिशात ठेवायची. पंख्याजवळ हात घालायचा असेल तर एवढे पुरत नाही. बॅटरीची जोडणी किंवा स्पार्क प्लगची टोपीही काढावी लागते. नंतर गिअर पाहायचा. हाताने उचलायच्या बहुतेक लहान इंजिनांत रिव्हर्सचा खटका असतो. होडी मागे घेताना पंख्याचा जोर इंजिनालाच वर ढकलतो; ते उसळू नये म्हणून हा खटका पाय खाली धरून ठेवतो. रिव्हर्स गिअर तसाच ठेवून कोणी इंजिन ओढू लागले तर ते हलत नाही. मग जोर लावला जातो, खटका अचानक सुटतो आणि उचलणारा तोल जाऊन पडतो. काही इंजिने न्यूट्रलमध्ये कलती होतात, काहींना फॉरवर्ड गिअर लागतो. हे त्या-त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि होडीवर चढणाऱ्या नव्या माणसाला ते सांगून ठेवलेले बरे.

हात कुठे घालायचा हेही ठरलेले आहे. झाकणाच्या मागच्या बाजूला धरायला खोबण किंवा मूठ असते, ओढायचे ते तिथूनच. सुकाणूचा दांडा ओढून इंजिन उचलण्याची सवय वाईट. दांड्याचा सांधा या भारासाठी केलेला नसतो. पाय पुरेसा वर आला की टेकण, म्हणजे इंजिन वर धरून ठेवणारा लोखंडी अडसर, जागेवर बसला का हे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच हात सैल सोडायचा. खटका वाजला एवढ्यावर विश्वास ठेवू नये. मिठाने जाम झालेला अडसर अर्ध्यावर अडकतो आणि पुढच्या लाटेला सुटतो.

मोठ्या इंजिनाला बटण दाबून वर नेणारा हायड्रॉलिक दंडगोल असतो. तेथे ताकद लागत नाही, पण धोका निराळा असतो. दंडगोलातले तेल जुन्या सीलमधून हळूहळू झिरपते आणि रात्री वर ठेवलेले इंजिन सकाळी खाली उतरलेले सापडते. म्हणून बटणाने वर नेल्यावरही टेकण लावायचेच. बॅटरी संपली तर हाताने सोडवण्यासाठी ब्रॅकेटच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो सैल करताच तेलाचा दाब जातो आणि इंजिन क्षणात कोसळते. त्याला हात लावण्याआधी दुसऱ्या माणसाने किंवा पक्क्या दोरीने इंजिन तोलून धरलेले असले पाहिजे.

वर राहिलेल्या इंजिनातून पेट्रोल गळू नये म्हणून नळी काढून टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. आणखी एक गोष्ट पर्यटकांच्या किनाऱ्यावर फार महत्त्वाची. वर केलेला पंखा वाळूवर उभ्या लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला येतो. त्याच्या पात्यांच्या कडा धारदार असतात. त्यावर जाड कापडी पिशवी बांधायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ती बांधली गेलीच पाहिजे.

उथळ पाण्यातून जाताना इंजिन अर्धे कलते ठेवून चालवता येते, पण हळू. या स्थितीत अनेक इंजिनांत रिव्हर्सचा खटका लागलेला नसतो, त्यामुळे जोराने मागे घेताच पाय उसळून वर येतो. थंडावा देणारे पाणी ज्या जाळीतून आत शिरते ती पायावर, पंख्याच्या पुढच्या अंगाला असते. ती पाण्याखाली राहिली पाहिजे. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर इंजिन तत्काळ बंद करायचे. पाणी ओढणाऱ्या पंपातले चक्र रबराचे असते. पाणी हेच त्याचे वंगण. कोरडे फिरले की ते फार लवकर करपते.

आता दुसरा प्रसंग, इंजिन कायमचे वर बसवण्याचा. याची गरज का पडते हे समजायला पायाची लांबी पाहावी लागते. आउटबोर्डचे पाय ठरावीक मापांत येतात: आखूड १५ इंचांचा, लांब २० इंचांचा, त्याहून लांब २५ इंचांचा. ट्रान्समची उंचीही तेवढीच हवी. पण गावात बांधलेल्या होडीची उंची दर वेळी या मापात बसतेच असे नाही. जुने इंजिन एका होडीवरून दुसरीवर जाते, ट्रान्सम दुरुस्त होताना एखादा इंच कमी-जास्त होतो. पाय गरजेपेक्षा खोल बसला की तो पाणी कापत नाही, ढकलतो. पेट्रोल जास्त जाते, सुकाणू जड लागते, पायावर आदळलेले पाणी फवारा होऊन ट्रान्समवरून आत येते.

योग्य उंची ओळखण्याची खूण इंजिनावरच असते. पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये हे तिचे काम. इंजिन सरळ उभे केल्यावर ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली इंचभरापर्यंत असावी, हा सुरुवातीचा नियम. मोजायचे असे: एक लांब सरळ पट्टी तळाच्या मध्यरेषेला खालून धरून मागे पंख्यापर्यंत न्यायची आणि आडव्या पट्टीपासूनचे अंतर पाहायचे. मोजताना इंजिन कललेले असेल तर माप चुकते. आडवी पट्टी तळाला समांतर आहे हे आधी पाहावे लागते.

इंजिन फार वर गेले तर पंखा पाण्याबरोबर हवा गिळतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, फेरे वाढतात, होडी मात्र पुढे जात नाही. वळणावर आणि लाटेवर हे आधी जाणवते. मध्यम आकाराच्या बहुतेक इंजिनांची कमाल मर्यादा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या दरम्यान असते. हवा गिळणारा पंखा ती सहज ओलांडायला लावतो. शिवाय थंड पाण्याची जाळी उघडी पडते. वेगाच्या होड्यांचे शौकीन पट्टी तळाच्याही वर नेतात, कारण त्यांना सपाट पाण्यावर शेवटचा वेग हवा असतो. कोकणातल्या मासेमारीच्या होडीला त्या वेगाचा उपयोग नाही. जाळ्याने आणि मासळीने भरलेली होडी उसळत्या पाण्यातून परत आणायची असते. तिथे पंख्याने पाणी सोडले की सुकाणूही हातचे जाते. तिची पट्टी तळाच्या रेषेखाली इंचभर राहिलेलीच बरी.

उंची ठरली तरी पाना लगेच हातात घ्यायचा नाही. आधी ट्रान्सम तपासायचा. फायबरच्या बहुतेक जुन्या होड्यांत ट्रान्समच्या पोटात प्लायवुड असते. बोल्टाच्या भोकाभोवतीचे सील गेले की खारे पाणी आत मुरते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून कुजते. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून पाहिले तर चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, कुजलेल्या भागाचा बसका. जुना बोल्ट काढताच भोकातून काळसर ओल बाहेर आली, वॉशर फायबरमध्ये रुतलेला दिसला किंवा इंजिनाचे डोके पुढे-मागे ढकलल्यावर ट्रान्सम लवताना जाणवला, तर इंजिन वर घेण्याचे काम तिथेच थांबवून आधी ट्रान्सम दुरुस्त करायचा. कुजलेल्या लाकडात नवे भोक पाडून काहीच साधत नाही. जुने टू-स्ट्रोक काढून त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक बसवणाऱ्यांनी तर हे विशेष जपावे. चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनात या बदलाने पंचवीसेक किलो वाढतात.

हे काम जमिनीवर करायचे, तरंगत्या होडीत कधीही नाही. होडी सपाट जागी, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, चाकांच्या गाडीवर असेल तर चाकांना पुढून-मागून पाचर लावून पक्की करायची. बॅटरी सोडवायची, पेट्रोलची नळी काढायची, केबल आणि सुकाणूची जोडणी इंजिनाबरोबर वर जायला सैल आहे का ते पाहायचे. इंजिनाला एक दोरी किंवा साखळी बांधून ती होडीवरच्या वेगळ्या, पक्क्या कडीला अडकवायची.

सगळ्यात चांगली पद्धत चेन पुलीची. इंजिनाच्या डोक्यावर, झाकणाखाली, उचलण्यासाठी कडी असते किंवा कडी बसवायची जागा असते. पट्टा किंवा हुक तिथेच लावायचा. झाकणाची मूठ फक्त झाकणाची असते, तिला लटकवलेले इंजिन झाकण हातात ठेवून खाली जाते. पुली टांगायला जाड लोखंडी पाइपांचे तिकाटणे किंवा छपराची भक्कम तुळई हवी. झाडाच्या फांदीला पुली बांधण्याचा मोह टाळावा. फांदी आतून पोखरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. पुली इंजिनाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलणारी हवी. शंभर किलोला अर्ध्या टनाची पुली ही उधळपट्टी नव्हे. हुक कडीच्या थेट वर आला पाहिजे. तिरकी साखळी असेल तर बोल्ट निघताच इंजिन झोका घेते. साखळी ताणली की क्षणभर थांबून पाहायचे: तिकाटण्याचे पाय रुतत तर नाहीत ना, पट्टा सरकत तर नाही ना. इंजिनाचा भार साखळीवर आल्याखेरीज एकही बोल्ट पूर्ण काढायचा नाही.

पुली नसेल आणि होडी गाडीवर असेल, तर एक युक्ती वापरली जाते. इंजिन सरळ उभे करून स्केगखाली मऊ लाकडाचा ठोकळा, त्यात खाच पाडून, घट्ट बसवतात. मग गाडीचे पुढचे टोक जॅकने वर उचलतात. गाडी आसाभोवती फिरते, मागची बाजू खाली जाते. इंजिन ठोकळ्यावर जागच्या जागी राहते आणि ट्रान्सम त्याच्यामागे खाली सरकतो. आसापासून ट्रान्सम दीड मीटरवर आणि जॅक तीन मीटरवर असेल, तर ट्रान्सम १९ मिलिमीटर उतरवायला पुढचे टोक ३८ मिलिमीटर उचलावे लागते. प्रत्यक्षात थोडे अधिक, कारण इंजिनाचा भार कमी होताच गाडीच्या स्प्रिंगा मागची बाजू वर ढकलतात. युक्ती खरी आहे, पण ती एका भोकाइतक्या फरकापुरतीच वापरावी. स्केग म्हणजे ॲल्युमिनियमची ओतीव पाती. उभा भार ती सहन करते, बाजूचा धक्का नाही. ठोकळा घसरला तर धरायला काही उरत नाही, म्हणून वरून एखादी साखळी ढिली का होईना लावलेली असावी.

ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना वरच्या बोल्टासाठी एकाखाली एक भोके असतात, सहसा पाऊण इंचाच्या, म्हणजे १९ मिलिमीटरच्या अंतराने. खालच्या बोल्टाची जागा बहुधा उभ्या खाचेची असते. इंजिन एक टप्पा वर घ्यायचे म्हणजे तोच बोल्ट ब्रॅकेटच्या एक घर खालच्या भोकात आणायचा. ट्रान्सममधले भोक तेच राहते. भार साखळीवर आला की खालचे बोल्ट सैल करायचे, वरचे दोन काढायचे, इंजिन सावकाश उचलायचे आणि नवी भोके जुळली की बोल्ट सरकवायचे. भोके जुळली का हे पाहायला बोट घालायचे नाही, स्क्रूड्रायव्हर किंवा सळई घालायची. दोन मिलिमीटरची हालचालही बोट तोडायला पुरते.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ प्रतीचे. आतल्या बाजूला मोठे वॉशर किंवा धातूची पट्टी. नट नायलॉनचा घेर असलेले. भोकात आणि बोल्टाभोवती समुद्रकामाचे पॉलियुरेथेन सीलंट भरायचे. घरगुती सिलिकॉन इथे टिकत नाही. ट्रान्सममध्ये आधीच्या बसवणीचे एखादे रिकामे भोक राहिले असेल तर ते नुसते झाकायचे नाही. ते थोडे मोठे करून, वाळवून, इपॉक्सीने भरायचे. घट्ट करताना पुस्तिकेतले माप आणि टॉर्क पाना वापरावा. जोरकस हाताने आवळलेला बोल्ट प्लायवुड चिरडतो आणि काही दिवसांनी आपोआप सैल झालेला मिळतो.

इंजिन वर गेल्यावर ब्रॅकेटचा वरचा ओठ ट्रान्समच्या माथ्यावर टेकलेला राहत नाही. आधी भाराचा काही वाटा माथा उचलत होता, आता सगळा बोल्टांवर आला. त्या फटीत टणक लाकडाची किंवा जाड प्लास्टिकची मापात कापलेली पट्टी पक्की बसवावी. नुसत्या शिकंज्यांवर बसणाऱ्या लहान इंजिनांत तर याला पर्यायच नाही. तिथे इंजिनाखाली सुटी फळी सारून उंची वाढवलेली दिसते, आणि हा प्रकार धोक्याचा आहे. शिकंज्याची चकती मग ट्रान्समच्या अगदी काठावर येते, फळी हादऱ्याने सरकते आणि एखाद्या वळणावर इंजिन पाण्यात जाते. उंची वाढवायचीच असेल तर ट्रान्समचा माथाच लाकूड बोल्टांनी जोडून आणि फायबरने मढवून उंच करावा.

सगळे बसल्यावर इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण वर नेऊन पाहायचे. केबल, नळी, तारा कुठे ताणत किंवा चेपत नाहीत ना. मग शांत पाण्यात चाचणी. आधी मंद वेगात पाण्याची धार, नंतर हळूहळू वेग, मग वळणे, शेवटी नेहमीइतका भार घेऊन हेच सगळे पुन्हा. वळणावर आवाज चढत असेल तर इंजिन एक घर खाली आणायचे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा तपासतात. नटावर आणि ट्रान्समवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

तिसरा प्रसंग इंजिन उतरवण्याचा. पावसाळ्यात होडी वर ओढली की लहान इंजिन घरी नेतात. आधी गोड्या पाण्याने आतून धुवायचे, मग उभे ठेवून पायातले पाणी पूर्ण निथळू द्यायचे. वाहून नेताना डोके पायापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही; पायात राहिलेले खारे पाणी उलटे वाहून सिलिंडरमध्ये शिरते आणि आतून गंज धरते. फोर-स्ट्रोक आडवे ठेवायचे असेल तर ठरलेल्या बाजूवरच. चुकीच्या बाजूवर ठेवले की इंजिनाचे तेल सिलिंडरमध्ये जाते. होडीतून धक्क्यावर देताना एक माणूस होडीत आणि एक धक्क्यावर असतो, आणि मधल्या पाण्यावर होडी सरकते. इंजिन हातातून सुटण्याची जागा हीच. म्हणून ते आधी धक्क्यावरच्या खुंटीला दोरीने बांधून मगच शिकंजे सोडायचे. चाळीस किलोच्या वरचे इंजिन हातांनी द्यायचेच नाही.

होडी इंजिनासह जमिनीवरच राहणार असेल तर पावसाळ्यात पाय खाली, सरळ ठेवावा. वर केलेल्या पायाच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते. गाडीवरून दूर न्यायची असेल तेव्हा मात्र पाय वर घ्यावा लागतो आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला इंजिन ट्रान्समला हिसका देते. टेकणाचा लहान अडसर या हिसक्यांसाठी नसतो. पाय आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये वेगळा भक्कम दांडा बसवून पट्ट्याने आवळावा लागतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन पुन्हा चढवताना शिकंज्याच्या स्क्रूंचे आटे साफ करून ग्रीस लावायचे, पंपाचे रबरी चक्र कडक झाले असेल तर बदलायचे, आणि सुरक्षेची साखळी शिकंज्याच्या दांड्यांत न अडकवता ट्रान्सममधल्या स्वतंत्र बोल्टाच्या कडीला लावायची.